भट्टीखालचा ओढा

आत्याच्या बेकरीतली भट्टी कधी विझली नव्हती. आजोबांनी ती पेटवली, वडिलांनी जपली, आणि आत्याच्या हाती आली तेव्हा तिला एवढंच बजावलं गेलं, की हिला गार होऊ द्यायचं नाही. आत्याने लग्न टाळलं, दुखणी अंगावर काढली, पण भट्टी गार होऊ दिली नाही. अख्खी गल्ली तिला आत्या म्हणायची. खरा हक्क एकीचाच होता, तिच्या भावाच्या मुलीचा. ही पोर आता नगरपालिकेत इंजिनिअर होती, तिच्या सहीशिवाय गावातलं एक गटार वळत नव्हतं, तरी आत्या तिला चारचौघांत ‘चिमणे’ अशीच हाक मारायची.

त्या उन्हाळ्यात गावामागचा डोंगर जळाला. कोणीतरी पायथ्याशी कचरा पेटवला आणि वाऱ्याने पुढचं काम केलं. डोंगरावर एके काळी दाट, नाना जातींची झाडी होती. ती गावातल्या भट्ट्यांच्या पोटात गेली. मग लवकर वाढतात म्हणून तेलकट पानांची झाडं लावली, आणि ती पेटलीही तशीच लवकर. आग गल्लीपर्यंत आली नाही. लोक ‘निसर्गाचा कोप’ म्हणून हळहळले आणि आपापल्या कामाला लागले.

चिमणी डोंगर बघून परस्पर बेकरीतच आली. तिचे बूट राखेने काळे झाले होते.

“आत्या, आग संपलेली नाही. आता पाणी येणार आहे.”

“पाणी आलं की आग विझते गं. एवढं तरी शिकवलं असेल की तुम्हाला.”

तेलाचा हात फिरवून ठेवलेला एक ट्रे चिमणीने उचलून तिरपा धरला आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी ट्रेवर थांबलंच नाही. घसरून सगळं आत्याच्या पायांवर आलं.

“डोंगराची माती अशी झालीये,” ती म्हणाली. “त्या जळक्या पानांचं तेल मातीत उतरलंय. पाणी मुरायचंच नाही. जोराचा पाऊस झाला की राख, दगड, जळके ओंडके, सगळं घेऊन ओढा खाली येणार. आणि आपल्या गल्लीत ओढा कुठे आहे, दाखव बरं.”

आत्याने हात वर केला आणि तो तसाच राहिला. ओढा होता, दुकानांच्या पाठीमागून वाहत होता आणि गल्लीच्या टोकाला बेकरीखालून पलीकडे जात होता. पण दिसत कुठेच नव्हता. शिंप्याने त्याच्यावर इस्त्रीची खोली काढली होती. गॅरेजवाल्याने गाड्या लावायला स्लॅब टाकला होता. बाकीच्यांनी पत्रे, संडास, भिंती, जमेल ते केलं होतं. वर्षातले बरेच महिने तो कोरडाच असायचा, त्यामुळे त्याच्याकडून कधी तक्रार आली नव्हती.

आत्याने बाह्या सरसावल्या. नगरपालिकेची नोटीस दारादारांवर लागायच्या आधी तिचा तोंडाचा पट्टा दारादारांत पोचला होता.

“ओढ्यावर स्लॅब टाकतोस? लाज नाही वाटत?” तिने गॅरेजवाल्याला विचारलं.

“अहो आत्या, कोरडा तर असतो तो.”

“तुझं डोकंही कोरडंच असतं, म्हणून काय त्यावर स्लॅब टाकायचा?”

गॅरेजवाला हसला, मग हसू आवरून त्याने घण काढला. शिंप्याने आधी खूप नाक मुरडलं, पण आत्या स्टूल टाकून त्याच्या दारातच बसली, तेव्हा त्याने इस्त्रीच्या खोलीला पहार लावली. गल्लीभर धूळ उडत होती. आत्या हातात पावांची पाटी घेऊन फिरत होती, काम करणाऱ्याला पाव देत होती आणि न करणाऱ्याला शब्द. खरं सांगायचं तर तिला मजा येत होती. दुसऱ्याची चूक काढायला कोणाला आवडत नाही?

मागून चिमणी मोजमाप घेत वरून खाली येत होती. येता येता ती बेकरीत पोचली.

भट्टीच्या तोंडापुढे फरशीत एक लोखंडी झाकण होतं. ते उचलायचं, भट्टीतली राख फावड्याने खाली ओढ्यात लोटायची आणि झाकण लावून टाकायचं. आजोबांनी केलेली सोय. राख घेऊन दारोदार फिरायला नको, ओढा नेतो वाहून, असं ते म्हणायचे. वडीलही तेच म्हणायचे आणि आत्याही. चिमणीने झाकण उचललं, पोटावर पडून आत टॉर्च मारला आणि बराच वेळ तशीच पडून राहिली. शेवटी आत्याही कण्हत कुथत तिच्या शेजारी आडवी झाली.

ओढ्याने काही वाहून नेलं नव्हतं. तीन पिढ्यांची राख भिजून, वाळून, थरावर थर बसून सिमेंटसारखी घट्ट झाली होती. मध्ये उरली होती ती फट एवढी, की मांजरसुद्धा अंग चोरून गेलं असतं.

“सगळ्यात अरुंद जागा ही,” चिमणी हळू म्हणाली. “ओंडके इथेच अडकणार. मग पाणी मागे फिरेल आणि अख्ख्या गल्लीत शिरेल. वरचं कोणी कितीही तोडलं तरी.”

“मग खोदून काढू राख.”

“भट्टीचा पाया त्या राखेवरच टेकलाय. राख काढली की भट्टी खाली येणार. आधी भट्टीच उतरवावी लागेल.”

आत्या ताडकन उठून बसली. “तुमच्या ऑफिसने ती तेलकट झाडं लावली, तेव्हा तुमची अक्कल कुठे गेली होती? तो डोंगर दुरुस्त करा आधी!”

“करतोय. चूक आमचीच होती ती. पण डोंगर दुरुस्त होईपर्यंत मी म्हातारी होईन, आत्या. पाऊस तोवर थांबायचा नाही.”

“माझ्या आजोबांची भट्टी आहे ही.”

“माझे पणजोबाच होते ते,” चिमणी म्हणाली. “मी कोणाला काही बोललेली नाही अजून. तू सांग, मग बोलते.” ती बूट झटकून निघून गेली.

आत्या भट्टीसमोर बसून राहिली. ही ऊब नसलेला एकही दिवस तिच्या आयुष्यात नव्हता. भट्टी गेली तर आपण कोण, हे तिला कळेना आणि त्याची तिला भीती वाटली. तेवढ्यात गॅरेजवाला दारात आला. केसांपासून पायांपर्यंत तो सिमेंटने पांढरा झाला होता.

“फोडला आत्या स्लॅब. बायको बोलत नाहीये माझ्याशी. म्हटलं, आत्या सांगते म्हणजे त्यात काहीतरी असणार.” पाटीतला एक पाव त्याने उचलला. “तुमच्याकडचं ठीक आहे ना सगळं? इंजिनिअर बाई बघून गेल्या म्हणे.”

“ठीक आहे” म्हणायला आत्याने तोंड उघडलं होतं. शब्द अगदी जिभेवर होता.

“ठीक नाही,” ती म्हणाली. “तो घण कुठे ठेवू नकोस. भट्टी गार झाली की इकडे घेऊन ये.”

शेवटचा घाणा निघाला आणि आत्याने नवं लाकूड घातलं नाही. भट्टीला गार व्हायची सवयच नव्हती, ती सावकाश, रुसल्यासारखी निवत गेली. इकडे डोंगरामागे ढग जमायला लागले. शेवटी विटा कोमट असतानाच आत्याने घण मागून घेतला आणि पहिला घाव स्वतः घातला. घाव घालता घालता ती रडत होती, आणि कोणी समजूत घालायला आलं की त्यालाच झापत होती. मग सगळेच लागले. शिंपी विटा वाहायला आला, चिमणी पहार घेऊन राखेत उतरली. बेकरीचे दोन तुकडे झाले. अलीकडे काउंटर, पलीकडे मैद्याची खोली आणि मधून उघडा, रुंद ओढा.

पाऊस आला तो भर दुपारी, आभाळ फुटल्यासारखा. चिमणीने सगळ्यांना आधीच वरच्या शाळेत हलवलं होतं. व्हरांड्यातून आत्याने पाहिलं. पाणी कसलं, काळा, दाट चिखल होता तो, आणि त्यात दगड एकमेकांवर आपटत होते. बेकरीपाशी एक जळका ओंडका आडवा झाला. मागून दुसरा येऊन त्याच्यावर आदळला आणि दोघेही सुटून पार झाले. जाता जाता मैद्याच्या खोलीची एक भिंत घेऊन गेले. गल्लीत घोट्याएवढा चिखल आला. दुसऱ्या ओढ्याकाठच्या गल्लीत कोणी काहीच काढलं नव्हतं, तिथे पाणी खिडक्यांपर्यंत चढलं.

रेडिओवर नैसर्गिक आपत्ती असं सांगत होते. आत्याने तो बंद केला.

“डोंगर आम्ही खाल्ला, आग आम्ही लावली, ओढा आम्ही बुजवला,” ती म्हणाली. “त्या बिचाऱ्या निसर्गाने एक पाऊस तेवढा पाडला.”

पुढे काउंटरमागे विजेची छोटी भट्टी आली. मैदा मात्र पलीकडेच राहिला. पोतं आणायचं म्हणजे बाहेर पडून, गल्ली चढून, वरच्या पुलावरून वळसा घालून यावं लागायचं. आत्याचा गुडघा रोज शिव्या घालायचा. एक दिवस गॅरेजवाला चांगली जाड फळी खांद्यावर घेऊन आला आणि त्याने ती ओढ्यावर आडवी टाकली.

“एकच फळी, आत्या. कोरडाच तर आहे आता.”

आत्याने फळीकडे पाहिलं. पलीकडचा मैदा चार पावलांवर होता. तिने एक पाय फळीवर ठेवला, वजन दिलं. फळी छान होती, जरासुद्धा हलली नाही. आजोबांनी सुरुवात केली तीही अशाच एखाद्या चांगल्या फळीने केली असणार. तिने पाय मागे घेतला.

“उचल ती.”

“अहो, पण तुमचा गुडघा...”

“गुडघा माझा आहे,” आत्या म्हणाली. “ओढा नाही.”

तिने रिकामं पोतं काखेत मारलं आणि लंगडत पुलाकडे निघाली.