वीस खोडून सतरा

मी एक पेन्सिल आहे. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. आता माझी लांबी अंगठ्याच्या पेराएवढी उरली आहे. बोटांत धरवत नाही म्हणून मला पितळेच्या नळीत खोचून ठेवलं आहे. लाल टोक तर संपतच आलं आहे. ते पुरतं संपायच्या आत एक गोष्ट सांगून टाकायची आहे, कारण ती घडली तेव्हा तिथे माणूस एकच होता, आणि दुसरी मी.

जन्म माझा फार लांबचा. साहेबाच्या देशातल्या एका कारखान्यात माझ्या लाकडाला रंग चढला. तिथे शिकायला गेलेल्या नीलकंठने परत निघण्याच्या आदल्या दिवशी आमचं डझन विकत घेतलं. "बाबांना पेपर तपासायला," असं त्याने दुकानदाराला सांगितलं. दुकानदाराला त्याचं काय. पण मला बरं वाटलं. कुणीतरी आपल्याला कामासाठी नेतंय, हे कळलं की निर्जीव वस्तूलाही धीर येतो.

तिकडे त्याला चांगली नोकरी मिळत होती. ती सोडून तो काशीला परतला. आगगाडीत शेजारच्या माणसाला तो सांगत होता, "आपला देश आता आपणच मांडायचाय. जो खपेल त्याला जागा मिळेल. कुणाचा कोण, हे विचारायचे दिवस गेले." त्याच्या सामानात पडल्या पडल्या मी ते ऐकलं आणि मला ते सगळं खरं वाटलं.

नीलकंठचे वडील वेणीमाधवपंत कॉलेजात गणित शिकवत. भोसले घाटावरून वर चढणाऱ्या गल्लीत त्यांचं घर. तीन पिढ्या काशीत गेलेल्या, तरी घरात मराठी. दारात आलेल्या दूधवाल्याशी हिंदी, आणि उंबरा ओलांडला की पुन्हा मराठी.

पेपर तपासण्याची त्यांची रीत मी पुढे कुणाकडेच पाहिली नाही. सकाळी आंघोळ करून ते पाटावर बसत. उत्तरपत्रिकांचं कापडात शिवलेलं पुडकं सोडत. मग टीपकागदाची एक पट्टी घेऊन प्रत्येक उत्तरपत्रिकेवरचा नंबर झाकत. नाव नसतंच, पण नंबरही दिसायला नको. गुण माझ्या लाल टोकाने द्यायचे. बेरीज निळ्या टोकाने, आणि ती नीलकंठने करायची. खाडाखोड झालीच तर शेजारी सही करायची. असा माणूस माझा मालक, याचा मला अभिमान होता.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी बी.ए.च्या शेवटच्या वर्गात शरदिनी होती. मुन्शी घाटामागच्या गल्लीतल्या नरहरपंतांची मुलगी. नरहरपंत रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. शरदिनी कॉलेजात पंतांना 'सर' म्हणे आणि घरी आली की 'काका'. दोन्हींची कधी सरमिसळ करत नसे. परीक्षेच्या आधी एकदा नरहरपंत तिच्यादेखत म्हणाले होते, "पंत, गणिताचं पदक आलं तर हिची पढाई पुढे चालू. पहिल्या आलेल्याला कॉलेज एम.ए.ला ठेवून घेतं म्हणे. नाही आलं, तर नागपूरचं स्थळ आहे. मी हो कळवून टाकतो."

"काका, नागपूरला गणित नसतं का हो?" शरदिनीने विचारलं. सगळे हसले. ती हसली नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या आदल्या वर्षी ते पदक बाळ नावाच्या मुलाला मिळालं होतं. तोही मराठीच. तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीत मिश्राजी पानाचा विडा गालात सरकवत म्हणाले होते, "पंतजी, अगले साल किस मराठी घर में पेड़ा बँटेगा, अभी से बता दीजिए." थट्टाच होती ती. सगळे हसले, पंतही हसले. पण मी त्यांच्या कोटाच्या खिशात होते. घरी परतताना ते तेच वाक्य पुटपुटत होते, ते मला ऐकू येत होतं.

तर त्या सकाळी अर्धं पुडकं संपलं होतं. पंतांनी पुढची उत्तरपत्रिका घेतली, नंबर झाकला, वाचू लागले, आणि थांबले. पेपर हिंदीतच लिहिलेला होता, पण त्यातल्या 'ल'ला दांडा नव्हता. इथली मुलं 'ल'ला शेवटी उभी रेघ देतात. असा वळणदार मराठी 'ल' काशीत मराठी घरातच गिरवला जातो, आणि त्या वर्षी त्या वर्गात मराठी घरातली एकटी शरदिनीच होती. नंबर झाकता येतो. हात कसा झाकणार?

ते तसेच पुढे तपासत गेले. पाचवा प्रश्न वीस गुणांचा. पुस्तकात त्याचं उत्तर पानभर आहे. तिने चार ओळींत सोडवलं होतं, स्वतःच्या रस्त्याने. पंतांनी ते तीनदा वाचलं. मग ते स्वतःशीच हसले. त्यांनी माझ्या लाल टोकाने वीस लिहिले.

मग त्यांनी मला खाली ठेवलं. खिडकीपाशी गेले. परत आले. वीस खोडले, सतरा लिहिले, आणि शेजारी नियमाप्रमाणे सही केली.

मी ओरडले असते, पण मला तोंड नाही. जे लिहायला लावतील ते लिहायचं, हा माझा धर्म.

दुपारी बेरीज करताना नीलकंठ अडखळला. "बाबा, हे सतरा का?"

"एक पायरी गाळली आहे."

नीलकंठने त्या चार ओळींवरून नजर फिरवली. त्याला गणित कळत होतं. त्याने वडिलांकडे पाहिलं. "तुम्ही परीक्षक," असं म्हणून त्याने मला उलटं केलं आणि निळ्या टोकाने बेरीज मांडली. बेरीज अगदी बरोबर होती. म्हणूनच ती चूक पुढे कुणाला सापडणार नव्हती.

निकाल लागला. पदक मिर्झापूरकडच्या एका मुलाला मिळालं. तोही रात्रंदिवस खपला होता, त्याचा काही दोष नाही. शरदिनी दोन गुणांनी मागे राहिली.

दुसऱ्या दिवशी ती पेढे घेऊन आली. पंतांच्या पाया पडली. "दुसरी आले, काका. तुमच्यामुळेच." मग हळूच म्हणाली, "माझं कुठे चुकलं, तेवढं सांगाल?"

तेव्हाच खरं सांगून टाकता आलं असतं. पंत म्हणाले, "पाचव्या प्रश्नात तू एक पायरी गाळलीस, बेटा."

गुण कापले तेव्हा ते भ्याले होते. भ्यालेल्या माणसाला मी माफ करू शकते. पण ते वाक्य त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहत म्हटलं, आणि ते तिने खरं मानलं.

नागपूरला होकार गेला. माघातला मुहूर्त धरला. दिवाळी झाल्यावर एका दुपारी शरदिनी पुन्हा आली. डोळ्यांखाली काळं झालेलं. हातात वहीचा एक कागद, त्यावर त्याच चार ओळी. नीलकंठ घरीच होता.

"काका, चार महिने मी ती पायरी शोधतेय. पुस्तक पाहिलं, वरच्या वर्गाची पुस्तकं पाहिली. मला सापडत नाही. आता वाटतं, मला गणित कळतच नव्हतं, नुसता भास होता. लग्नाआधी एवढं एक कळू दे. कुठे ती पायरी? तुम्ही खूण करा."

पंतांनी मला उचललं. माझं लाल टोक पहिल्या ओळीवर आणलं, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या ओळीवर आणलं. कुठेच टेकवलं नाही. खालून घाटावर धोबी कपडे आपटत होते, त्याचे आवाज येत होते.

"बाबा," नीलकंठ म्हणाला, "खूण करा ना."

पंतांनी कागदाखाली वीस लिहिले. सही केली.

शरदिनी त्या आकड्याकडे बघत राहिली. "म्हणजे तेव्हाही वीसच होते?"

"हो. मी कापले. अक्षर तुझं आहे हे मला कळलं. लोक म्हणाले असते, पंतांनी आपल्या माणसाला दिलं."

"मी तुमच्या घरची नाही, काका."

"घरची नाहीस, पण मराठी..."

"तुम्ही स्वतःला डाग लागू दिला नाहीत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पण मग मी चार महिने काय शोधत होते?"

नीलकंठ मान खाली घालून म्हणाला, "मला तेव्हाच दिसलं होतं, शरदिनी. बेरीज मी केली होती." जो खपेल त्याला जागा, असं आगगाडीत सांगणारा तो हाच.

जाताना ती म्हणाली, "ही पेन्सिल मला द्या."

"हिचं काय करणार?"

"हिने दोन्ही आकडे लिहिलेत. माझ्याजवळ राहू दे."

त्या दिवसापासून मी तिची. पुढचं मी तिच्या कंपासपेटीत पडून ऐकलं. पंत चूक कबूल करणारं पत्र घेऊन प्राचार्यांकडे गेले होते. प्राचार्य म्हणाले, "नतीजा तो निकल चुका, पंतजी. पदक भी बँट गया. अब छेड़ेंगे तो कॉलेज की बदनामी होगी." पत्र परत मिळालं. पंतांनी पेपर तपासणं कायमचं सोडलं. मग ते नरहरपंतांच्या घरी आले आणि उभ्यानेच सगळं सांगून गेले.

शरदिनी म्हणाली, "बाबा, नागपूरला कळवा, दोन वर्षं थांबा म्हणावं. थांबत नसतील तर राहू दे." नागपूरवाले थांबले नाहीत. ती मुलींच्या शाळेत शिकवू लागली आणि घरून अभ्यास करून एम.ए. झाली. कॉलेजात पदक मिळवणाऱ्यांची नावं लिहिलेल्या फळ्यावर तिचं नाव नाही. तिथे जे आहे ते अजून तसंच आहे, आणि मला ते अजून खुपतं.

शाळेत ती मला फक्त वार्षिक परीक्षेला बाहेर काढी, म्हणून मी इतकी वर्षं टिकले. टीपकागदाची पट्टी तिनेही ठेवली होती.

गेल्या चैत्रातली गोष्ट. तिने एक उत्तरपत्रिका उघडली, नंबर झाकला, आणि तिचा हात थांबला. दांडा नसलेला 'ल'. आता काशीतल्या मराठी घरांतली मुलंसुद्धा हिंदी वळणाचा 'ल' काढतात. असा 'ल' नातीकडून गिरवून घेणारे आजोबा एकच उरले होते, वेणीमाधवपंत. ती उत्तरपत्रिका नीलकंठच्या मुलीची, बकुळची.

मी तिच्या बोटांत होते. तिच्या मनात काय आलं मला ठाऊक नाही. जुना हिशेब आला असेल, किंवा त्या घराला आपला मोठेपणा दाखवावा असं आलं असेल. दोन्ही वाटा मला खऱ्या आकड्यापासून दूर नेणाऱ्या होत्या, आणि मला दोन्हींची भीती वाटली.

तिने उत्तर वाचलं. पुन्हा वाचलं. मग अठरा लिहिले. आणि जिथे दोन गुण गेले होते, तिथे माझं टोक नेमकं टेकवून समासात लिहिलं : 'भागण्याआधी ही संख्या शून्य नाही, हे दाखवलेलं नाही. ही पायरी राहिली.'

पेपर वाटल्यानंतर दोन दिवसांनी बकुळ शिक्षकांच्या खोलीत आली. "बाई, आजोबांना आता दिसत नाही. त्यांनी मला उत्तर मोठ्याने वाचायला लावलं. मग समासातली ओळ दोनदा वाचायला लावली."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पायरी खरंच राहिली आहे. बाईंना सांग, बरोबर कापलेत." बकुळ जरा घुटमळली. "आणि मग रडले. का रडले, बाई?"

शरदिनीने तिला जवळ बसवलं, कागद ओढला आणि म्हणाली, "ते मी तुला मोठी झालीस की सांगेन. आधी ही पायरी लिहून दाखव."

आता मला टोक काढायच्या यंत्रात घालता येत नाही. लाल शिसं तांदळाच्या दाण्याएवढं उरलं आहे. आणखी एखादी परीक्षा, मग मी नाही. तुमच्याही हाती कधी कुणाचे गुण येतील. परक्याला कमी द्याल, आपल्याला जास्त द्याल, किंवा आपला म्हणूनच कमी द्याल. कापायचेच असतील तर खुशाल कापा. फक्त शेजारी पायरी लिहा. लिहिता आली नाही, तर पेन्सिल खाली ठेवा.