आधी फोन ठेवायचा

"फोनवर ऑर्डर आली, की आधी फोन ठेवायचा. मग वहीतला नंबर काढून आपण लावायचा. आवाज ओळखीचा वाटला तरी!"

यजमान जाऊन दोन वर्षं झाली, तरी चादरींच्या त्या लहानशा दुकानात हे वाक्य त्यांच्याच आवाजात घुमायचं. दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून बाईंनी शब्द दिला होता, "एवढं पाळीन."

महिन्यापूर्वी तो शब्द मोडला.

"वृद्धाश्रमातून बोलतोय, ताई. थंडी फार आहे हो. चाळीस ब्लँकेटं आजच हवीत. टेम्पो पाठवतो, पैसे उद्या बँकेत जमा होतील."

बोलणं इतकं गोड, आणि कारण इतकं पुण्याचं! उलट फोन लावणं म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांवर संशय घेणं, असं बाईंना वाटलं. टेम्पो आला, ब्लँकेटं गेली, पैसे मात्र आले नाहीत. तो नंबर तर दुसऱ्याच दिवशी बंद झाला.

बाई रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. सकाळी दुकान उघडायचं, घडीची चादर उलगडायची आणि तीच पुन्हा घडी करून ठेवायची. जेवणाला चव लागेना, आणि लागत नाही याचंही काही वाटेना.

"वहिनी, दुकान उघडलंय की नुसतं शटर वर केलंय?" शेजारचे हीटरवाले भाऊजी थट्टेने म्हणाले. बाई चादरीची घडी घालत राहिल्या. यांना सांगावं, तर गल्लीभर होणार. लोक म्हणतील, नवऱ्यामागे हिला दुकान सांभाळता येईना.

आज दुपारी फोन वाजला. "मी वृद्धाश्रमाची मेट्रन बोलतेय. थोड्या चादरी..."

"पुन्हा? एकदा लुटलंत, ते पुरलं नाही का?" बाईंनी फोन आपटला. आवाज चढला होता, पण आत काही हललं नाही.

तासाभराने एक वयस्क बाई गुडघा धरून पायरी चढल्या. गळ्यात आश्रमाचं ओळखपत्र होतं.

"मीच ती मघाची. म्हटलं, फोनवर शिव्या खाण्यापेक्षा समोर जाऊन खाव्यात. बोला, आम्ही काय लुटलं तुमचं?"

बाईंनी सगळं सांगितलं, दुसऱ्याच कुणाची हकिकत सांगावी तसं.

"चाळीस?" मेट्रनबाई थक्क झाल्या. "अहो, आमच्याकडे माणसंच बावीस! एक फोन करायचात की."

"संशय घेणं बरं दिसलं नाही."

"हा संशय कसला? औषध देण्याआधी मी प्रत्येकाला नाव विचारते. दहा वर्षं राहिलेल्या आजोबांनाही रोज विचारते. ते म्हणतात, 'काल होतं तेच!' पण रागावत नाहीत. त्यांच्याच जिवासाठी विचारते ना. बरं, हे कुणाकुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही. लोक हसतील."

"हसू देत चार दिवस! तुम्ही तोंड मिटून बसलात, की त्या भामट्याला पुढचं दुकान मोकळं."

बाई काही बोलणार, तोच पलीकडून भाऊजींचा मोठा आवाज आला. "हो हो साहेब, आश्रमासाठी ना? बारा हीटर! बांधूनच ठेवतो. टेम्पो कधी पाठवताय?"

मेट्रनबाई दचकल्या. "आम्ही तर हीटर मागवलेच नाहीत!"

अरे देवा! बाईंच्या हातातली चादर गळून पडली. महिनाभर दगडासारखं पडून राहिलेलं मन एकाएकी कळवळलं. भाऊजींनी हा माल उधारीवर भरला होता, हे त्यांना ठाऊक होतं. आपण एक शब्द बोललो असतो तर!

वाचकहो, फसणं हा गुन्हा नाही. भल्या माणसाच्या भलेपणालाच भामटे हात घालतात. पण आपण फसलो हे लाजेपोटी लपवणं, म्हणजे आपण ठेचाळलो तो धोंडा शेजाऱ्याच्या वाटेत तसाच राहू देणं. फोनवर कुणी कितीही गोड बोलो, फोन ठेवून आपण उलट लावावा. आणि ठेच लागलीच, तर ती आधी शेजाऱ्याला सांगावी. हा नेम रोजचा असावा.

"टेम्पो यायला वेळ आहे अजून," मेट्रनबाई हळूच म्हणाल्या.

बाईंनी पडलेली चादर उचललीही नाही. यजमानांच्या अक्षरातली नंबरांची वही काखेत धरली, पायात चपला सरकवल्या, आणि त्या शेजारच्या पायरीकडे निघाल्या.