पडदा काळा, काम चालू

लाइट गेली ती क्षणभरच, पण तेवढ्यात कमळाकरशेठच्या शीतगृहातला सर्व्हर जो बसला तो काही केल्या उठेना. एपीएमसी मार्केटच्या मागच्या त्या गोदामात कोणाची मिरची, कोणाची चिंच, कोणाचे खजूर कुठल्या खोलीत ठेवलेत, हे एकट्या त्या सर्व्हरला ठाऊक. बॅकअप होता, पण परवाचा. आणि परवापासून निम्मा माल इकडचा तिकडे झाला होता. गेटवर टेम्पोवाल्यांनी हॉर्नचा सपाटा लावला.

सर्व्हर उठवायचं काम तेजश्रीचं. तिला जन्मापासून दिसत नाही. एरवी त्याने काही अडत नसे. चालतं मशीन तिला स्क्रीन वाचून दाखवायचं आणि तिची बोटं सुसाट सुटायची. पण मशीन उठलंच नाही की ते मुकं व्हायचं, आणि मग गेटवरच्या दिलीपला पडद्यावरचं वाचायला बोलवावं लागायचं. दिलीप मनाने सोन्यासारखा, पण लालभडक अक्षरांत एरर आला तरी "बाकी सब ठीक हाय, ताई" म्हणून मोकळा व्हायचा. त्याच्या त्या 'ठीक'पायी मागच्या खेपेला अख्खा दिवस वाया गेला आणि शेठनी बाहेरच्या एका एजन्सीशी बोलणी सुरू केली.

म्हणून तेजश्रीने एक पेनड्राइव्ह तयार केला होता. त्यात लिनक्स नावाची अख्खी संगणकप्रणाली. आजारी मशीन त्याच्यावरून सुरू केलं की ते आपणहून बोलायला लागायचं, दुरुस्ती किती टक्के झाली तेही मराठीत सांगायचं. कोपरखैरण्याच्या घरी, स्क्रीन फुटलेल्या जुन्या लॅपटॉपवर तिने तो पुन्हा पुन्हा तपासला होता. सर्व्हरवर मात्र आज पहिल्यांदाच.

"तेजू," शेठ दारातूनच म्हणाले, "एजन्सीवाला निघालाय. तो यायच्या आत झाला तर झाला, नाय तर पुढचा सगळा काम त्याच्याकडं. माझा धंदा हाय गो, मी तरी काय करू?"

तिने पेनड्राइव्ह लावला, हेडफोन चढवला, बटण दाबलं. पंखे घरघरले. आवाज नाही. आपण बनवलेलं खेळणंच निघालं की काय? घरी चाललं ते इथे का नाही? मग एकदम ध्यानात आलं: आवाज मॉनिटरच्या केबलमधून जात असणार, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हता. तिने मागे हात घालून केबल उपटली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

"तयार आहे," कानात आवाज आला. तिला रडूच यायचं बाकी होतं.

तिने डिस्क दुरुस्तीला लावली. हे म्हणजे पोट उघडून केलेलं ऑपरेशन. मध्येच सोडलं तर पेशंट गेलाच. टक्के भराभर चढले आणि साठाच्या पुढे आवाज थबकला. अशा वेळी काही करायचं नसतं. ती हात मांडीवर ठेवून बसली.

आता हे दारातून कसं दिसत असेल, ते बघा. केबल उपटल्यामुळे समोर काळा ठिक्कर पडदा, आणि पुढे मुलगी देवळात बसावी तशी गप्प. शेठनी दोनदा हाक मारली म्हणे. हेडफोनमुळे तिला ती ऐकूच गेली नाही. मग त्यांनी आपल्याकडचं रामबाण औषध काढलं: बंद करून चालू करायचं.

तिला आधी त्यांच्या अत्तराचा वास आला, मग खांद्याला बाही घासली. तिने अंदाजाने झडप घातली आणि मनगट धरलं. बोट बटणावर टेकलेलं होतं.

"हात काढा, शेठ!" शेठवर ती आजवर कधी ओरडली नव्हती.

"अगो, परदा काला हाय! मेलाय तो!"

"नाही मेला. ऐका!" तिने हेडफोनची वायर खेचून काढली.

मशीन गप्प. मनगट तिच्या मुठीत, आणि मशीनमधून चकार शब्द नाही. खरंच मेला असेल तर? आपणच एका मेलेल्या डब्यासाठी मालकाचा हात धरून बसलोय? बाहेर हॉर्न, आत पंखे. तिने मूठ सोडली नाही.

"बासष्ट टक्के," डब्यातला चिमुकला स्पीकर बोलला.

शेठ दचकले. "कोन बोलला?"

"सर्व्हर."

शेठनी बटणावरचं बोट अलगद उचललं. "त्रेसष्ट" आल्यावर ते तडक दाराशी गेले आणि ओरडले, "ए दिलीप, ते हॉर्न बंद कर! आयकू येत नाय!" मग स्टूल ओढून तिच्याशेजारी कान देऊन बसले. प्रत्येक टक्क्याला त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

सर्व्हर उठला. मिरची मिरचीच्या खोलीत सापडली. एजन्सीवाला आला, त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

"पन तू मना सांगायला नको होता?" शेठ चहा फुंकत म्हणाले. "आंधल्यावानी उभा होतो मी."

तेजश्रीला हसू आलं, पण ते वाक्य तिला लागलंही. 'काय चाललंय, मला कोणी सांगेल का?' हे ती जन्मभर लोकांना विचारत आली होती. आणि आज सगळं तिच्या एकटीच्या कानात होतं.

जेवणाचा डबा उघडण्याआधी तिने पेनड्राइव्हमध्ये एक सुधारणा केली. आता तो सुरू झाला की आधी खणखणीत आवाजात सगळ्यांना सांगतो: "पडदा काळा असला तरी काम चालू आहे. शेठ, बटणाला हात लावू नका."