शिट्टीत गेलेलं वाक्य

कणकेने माखलेलं बोट मीनाने आधी डाव्या टॅबच्या काचेवर फिरवलं, मग उजव्या. डावा परवाच बाजारात आलेला, उजवा त्याच भावातला, वर्षभर जुना. डाव्याने बोट लगेच ओळखलं, उजवा जरा रुसला. स्टँडवर लावलेल्या मोबाइलकडे बघत ती म्हणाली, "बघा मैत्रिणींनो, पोळ्या लाटता लाटता मुलांचा अभ्यास घ्यायचा असेल, तर..."

दाराची बेल वाजली.

म्हणजे हे वाक्य परत घेणं आलं. हल्ली रेकॉर्डिंग संपेपर्यंत ती कुकरसुद्धा लावत नसे, पण बेलचं काय करणार? हात कणकेचे म्हणून कोपराने कडी सरकवत तिने दार उघडलं. चाळिशीची एक बाई उभी होती. पदर कमरेला खोचलेला, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून नागलीच्या पापडांची चवड डोकावत होती.

"आज नको काही," मीना म्हणाली.

"विकायला नाय आले, ताई. पापड तुम्हालाच आणलेत." बाई हसली. "टॅबवाल्या मीनाताई तुम्हीच ना? मी चांगुणा. पेठच्या पुढं आमचा पाडा हाय."

मीनाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "या ना, आत या. घर कसं सापडलं पण?"

"तुम्ही गच्चीवर उन्हात टॅब दाखवता ना, तवा मागं निळी टाकी दिसते. रिक्षावाल्याला म्हणलं, निळ्या टाकीपाशी सोड. तो म्हणला, मावशी, इंदिरानगरात टाक्या काय कमी हायेत? दोन बघितल्या, तिसरी तुमची निघाली."

मीनाला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. नवरा अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला, की एकटीने बसून ती हे सगळं शिकली होती. उन्हात काच दिसते का, पाटावरून पडला तर तडा जातो का, कणकेचं बोट चालतं का, हे कुठल्याही कंपनीच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं.

चांगुणाने पिशवीतून खणात गुंडाळलेला टॅब काढला आणि दोन्ही हातांनी ओट्यावर ठेवला.

"आमच्या बचत गटाच्या अध्यक्षबाईंच्या फोनवर तुमचा व्हिडिओ बघितला. तुम्ही म्हणल्या हाच घ्या, म्हणून हाच घेतला. निकिताला, माझ्या लेकीला, नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास हाय. टेकडीवर रेंज येते, तिथं बसंल म्हणलं. फक्त ते सिम काय बसंना. मीच चुकत असंल. तेवढं दाखवा."

मीनाने टाचणीने कडेचा कप्पा उघडला. आत सिम होतं, चारी बाजूंनी कातरलेलं.

"हे कापलं तुम्ही?"

"जागा बारीक व्हती ना. आता ते माझ्या बटणाच्या फोनातबी चालंना. निकिताचे वडील द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडं गेलेत. आठ दिवस झाले, त्यांचा आवाज नाय."

कप्पा मेमरी कार्डाचा होता. हा टॅब दोन प्रकारांत निघतो, आणि मीनाने दाखवलेला नुसत्या वायफायवर चालणारा होता. तिला माहीत होतं. रेकॉर्डिंग करताना तिने तसं सांगितलंही होतं. नेमकं तिथे काय झालं, तेही तिला आठवलं, आणि ती कप्पा उगाच आतबाहेर करत राहिली.

"तुमचा पीस खराब निघाला," ती म्हणाली. आतल्या खोलीत जाऊन तिने स्वतःचा टॅब आणला. "हा घेऊन जा. यात सिम बसतं."

चांगुणाने तो हातात घेतला नाही. आधी मोठा श्वास सोडला.

"म्हणजे माझी चूक नाय ना? लेक म्हणते, आई, तूच बिघडवला."

"नाही. तुमची काही चूक नाही."

"मग धोंडाबाईचाबी खराबच असंल. माझं बघून आणखी तिघींनी घेतले. चारीबी खराब निघाले, ताई?"

विचारण्यात टोमणा नव्हता. असता तर मीनाला सोपं गेलं असतं.

तिने नळाखाली हात धरले. कणीक वाळून घट्ट बसली होती, सुटता सुटेना. हात पुसून तिने मोबाइल घेतला, जुनं रेकॉर्डिंग शोधलं आणि चांगुणाच्या पुढ्यात लावलं. मीनाचाच उत्साही आवाज आला. "आणि एक लक्षात ठेवा, यात सिम बसत नाही. घरी वायफाय नसेल तर हा मुळीच..." पुढचं कुकरच्या शिट्टीत गेलं. मग हसणं. "अगं बाई, मेला कुकर!"

चांगुणाने ते पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ती मान खाली घालून ऐकत होती.

"हे व्हिडिओत नव्हतं."

"नव्हतं. शिट्टी आली म्हणून मी तेवढं कापलं. परत म्हणायचा कंटाळा केला. आमच्याकडे वायफाय असतंच, मला वाटलं, काय अडतंय." मीनाने मोबाइल खाली ठेवला. "पीस खराब नाहीये. मी आत्ता खोटं बोलले."

चांगुणा गॅसकडे बघत राहिली.

"डाळ व्हती?"

"हो."

"शिजली व्हती ना नीट?"

चांगुणाने मीनाचा टॅब परत तिच्याकडे सरकवला.

"एकटीनं नेला तर त्या तिघींना काय सांगू?"

"परवा चारही घेऊन या. जिथून घेतले त्या दुकानात मी बरोबर येते. त्यांनी नाही बदलून दिले, तर चौघींची सोय मी करीन. आणि आज आधी तुमचं सिम नवीन काढू, त्याच नंबरचं. पण जेवल्याशिवाय जायचं नाही." मीनाने तांदूळ धुतले, कुकर लावला. हातांना काहीतरी काम हवं होतं.

"आमचं व्हईल," चांगुणा पापडांची चवड ओट्यावर ठेवत म्हणाली. "पण दुसऱ्या गावच्या बायांनीबी बघून घेतला असंल. त्यांना कुठं तुमची टाकी सापडणार?"

मीनाने तुलनेला घेतलेले दोन्ही टॅब उचलून बाजूला ठेवले, मोबाइल परत स्टँडवर लावला आणि चांगुणासाठी शेजारी स्टूल ओढलं. कातरलेलं सिम तळहातावर घेतलं.

"मैत्रिणींनो, या चांगुणाताई," तिने सुरुवात केली. "दोन महिन्यांपूर्वी मी तुम्हाला जो टॅब घ्या म्हटलं होतं, त्यात सिम..."

कुकरची शिट्टी झाली. चांगुणा गॅस बंद करायला उठू लागली. मीनाने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. शिट्टी पुरती विरेपर्यंत दोघी मोबाइलकडे बघत राहिल्या.

मग मीनाने तेच वाक्य पहिल्यापासून म्हटलं.