गुंडीची फळी

मी एक फळी बोलतेय. मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मला ठोकलेलं पाहून तुम्हाला वाटेल, कुंडी ठेवायला लावली असेल. तसं नाही. माझं काम जरा जबाबदारीचं आहे.

सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं ते शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या टेबलासाठी. कितीतरी वर्षं माझ्यावर कापड बेतलं गेलं, खडूच्या रेघा उमटल्या आणि पुसल्या. मग मोठं टेबल आलं आणि माझी रवानगी न्हाणीघरामागे झाली. ‘लागेल कधीतरी’ म्हणून माणसं जे ठेवतात, ते सहसा लागत नाही. मीही आशा सोडली होती.

तिथेच माझी गुंडीशी गट्टी जमली. गुंडी म्हणजे बाईंची मांजर. पांढरीशुभ्र, पाठीवर एकच गोल काळा ठिपका. दिवसभर अंगणात लोळायची, माझ्यावर नखं घासायची. तिची खाण्याची वाटीही अंगणातच असे, आणि घोटाळा तिथेच झाला. वासाने एक राखाडी भटका बोका यायला लागला, मागोमाग त्याचा लंगडा चेला. बोक्याचं नाव बाईंच्या सासऱ्यांनी जमादार ठेवलं, कारण तो आला की अंगण त्याच्या मालकीचं होई.

एका दुपारी दोघांनी गुंडीला कोपऱ्यात गाठलं. ती माझ्यामागच्या फटीत शिरली, पण शेपटी बाहेरच राहिली. सासरे एका पायात चप्पल घालून धावत आले, पत्र्याचा डबा बडवत सुटले, तेव्हा कुठे ते दोघे पळाले. गुंडीचा कान फाटला होता. शेपटीवरचा चावा पुढे पिकला, ताप चढला, खाणं सुटलं. बाई मशीन बंद करून तिच्यापाशी बसून राहिल्या.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी जखम साफ करून औषध दिलं आणि बजावलं, की वाटी आत घ्या, अंधारायच्या आत मांजर घरात आणा, आणि त्या बोक्याला पकडून आणा, त्याची नसबंदी करू म्हणजे मारामाऱ्या कमी होतील.

गुंडी बरी झाली, पण बाईंनी तिचं बाहेर जाणंच बंद केलं. तिने ओरडून घर डोक्यावर घेतलं.

सासरे म्हणाले, “माझ्या ऑपरेशननंतर तू मला घरात बसवलं होतंस. तेव्हा मी काय केलं?”

“माझं डोकं खाल्लंत.”

“मग तिचं काय चुकलं?”

बाईंना हसू आवरेना. त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी मला बाहेर ओढलं, धूळ झटकली, वर जाड कापड ठोकलं आणि खिडकीखाली बसवलं. हातोडीचे अर्धे घाव त्यांनी स्वतःच्या अंगठ्यावरच घातले. खिडकीच्या जाळीत गुंडीपुरतं भोक पाडलं. खाली उभं राहून ते मान वाकडी करून बघत होते. बाई म्हणाल्या, तिरकी बसली. ते म्हणाले, मांजराला चालतं.

दोनचार दिवसांत जमादार आला. गुंडी अंगणभर पळाली, पाण्याच्या टाकीवरून थेट माझ्या अंगावर आली. मी करकरले, पण धरून राहिले. पुढच्या क्षणी ती आत. जमादारही टाकीवर चढला, तोच खिडकीतून सासऱ्यांनी तांब्याभर पाणी सोडलं. निम्मं त्याच्यावर पडलं, निम्मं बाईंनी दोरीवर वाळत घातलेल्या झग्यावर. बाई रागावल्या, पण हसत हसत.

पुढे तो मासळीच्या वासाने पिंजऱ्यात सापडला. नसबंदी करून त्याला परत सोडलं. आता अंग सुटलंय, तोरा गेलाय. सासरे त्याला फाटकापाशी वेगळं खायला घालतात आणि तिथेच त्याला चार शब्द सुनावतात. तो निमूट ऐकून घेतो. चेला तर दुसऱ्याच गल्लीत रमलाय.

तुमचंही कुणी बाहेर भटकणारं असेल, तर त्याला कोंडू नका. परत यायची वाट तेवढी मोकळी ठेवा, एवढंच माझं मागणं. आता थांबते. गुंडी माझ्यावर पसरलीय, तिला झोप लागतेय, आणि अशा वेळी फळीने बडबड करू नये.