आकाशी पिंपं

ज्या कारखान्याला आपला कचरा सांभाळता येतो, त्याला जगात काहीही सांभाळता येतं, असं अण्णा प्रत्येक सभेत छातीवर हात ठेवून सांगत. सभा संपली की उष्टे कप कोणी उचलायचे यावरून दोन खात्यांत जुंपायची, आणि कप दुसऱ्या दिवशीपर्यंत तिथेच लोळत असायचे.

अण्णांचा कारखाना प्लेटिंगचा, म्हणजे धातूला मुलामा द्यायचा. नळाच्या तोट्या, दारांच्या मुठी, कपाटांच्या कड्या काळवंडलेल्या येत आणि चकचकीत होऊन जात. जाताना मागे जे काही सोडून जात ते पिंपांत भरून मागच्या गोदामात ठेवलं जाई. त्याचं पुढे काय होतं याचं कारखान्यात कोणाला फारसं कुतूहल नव्हतं. ते जावईबापूंचं खातं.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन, अण्णांच्या मुलीशी लग्न करून, ‘थोडे दिवस हातभार लावतो’ असं म्हणत जावईबापू कारखान्यात आले, त्याला आता इतकी वर्षं झाली होती की त्यांचं खरं नाव फक्त सरकारी परवान्यावर उरलं होतं. हमालापासून हिशेबनिसापर्यंत सगळे त्यांना जावईबापूच म्हणत. मान होता म्हणून म्हणत असं काही नाही. ‘जावईबापू, मोरी तुंबलीय’ असंही म्हणत. परवान्यावर मात्र ‘धोकादायक कचऱ्यासाठी जबाबदार व्यक्ती’ या शब्दांपुढे एक रेघ होती आणि त्या रेघेवर त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, विराजमान होतं.

त्या वर्षी त्यांना दुसऱ्या गावच्या, पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. पगार बेताचा, खोल्या स्वच्छ आणि मालक नात्यातला नाही. हा शेवटचा मुद्दा ऐकताच बायकोने माळ्यावरच्या बॅगा खाली काढल्या. ती अण्णांची सख्खी मुलगी असल्याने तिला नवऱ्यापेक्षा जास्त घाई होती. प्रयोगशाळेने महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवायचं कबूल केलं.

अण्णांनी हरकत घेतली नाही.

“जा की,” ते म्हणाले. “मी काय कोणाला दावणीला बांधलंय? फक्त ते गोदाम तेवढं रिकामं करून जा. भरल्या पिंपांवर तुमचं नाव ठेवून गेलात आणि उद्या काही बरंवाईट झालं, तर तुरुंगात तुम्ही जाल. मला वाईट वाटेल.”

अट रास्त होती. तशी ती कायद्यालाही धरून होती, आणि अण्णांच्या बाबतीत हा योग क्वचितच यायचा. जावईबापूंनी कचरा नेणाऱ्या कंपनीशी बोलून गाडीचा दिवस ठरवला. गोदाम त्यांनी वर्षानुवर्षं जिवापाड नीट ठेवलं होतं. मधे पुरुषभर उंचीची भिंत, उजवीकडे ॲसिडाची पिंपं, डावीकडे सायनाइडची. गळालं तर जमिनीत मुरू नये म्हणून खाली कडा असलेले चौथरे. प्रत्येक पिंपावर लेबल: आत काय आहे, कधीपासून आहे, कशापासून लांब ठेवायचं आहे. कारण उजवीकडचं डावीकडच्यात मिसळलं, की जो वायू निघतो तो माणसाला पश्चात्तापाला वेळ देत नाही.

आता पिंपं फक्त गाडीत चढवायची होती. पण त्याआधी बडं गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार असल्याची वर्दी आली.

पाहुणे येणार म्हटलं की रंग काढायचा, ही अण्णांच्या घराण्याची जुनी रीत. गंज असो, गळती असो, भिंतीला भेग असो, त्यावर आकाशी रंगाचे दोन हात बसायचे आणि तो प्रश्न निकालात निघायचा. अण्णांच्या घरचा फ्रिज आकाशी होता. लग्नात जावईबापूंना मिळालेलं कपाटही आकाशी होतं. आत वाळवी होती. जावईबापू ज्या दिवशी गाडीच्या परवानगीसाठी सरकारी कचेरीच्या बाकावर बसून होते, त्या दिवशी रंगकामाची सूत्रं मेव्हण्याकडे गेली. मेव्हण्याला सगळे राजे म्हणत. राज्य अजून यायचं होतं.

जावईबापू परतले तेव्हा राजे गोदामाच्या दारातच उभे होते.

“भावोजी, डोळे मिटा.”

“कशाला?”

“मिटा हो. हं... आता उघडा!”

सगळी पिंपं भिंतीच्या अलीकडे आणून रांगेत उभी केली होती. उंच मागे, बुटकी पुढे, शाळेच्या फोटोसारखी. सगळी आकाशी. एकावरही अक्षर नव्हतं.

“लेबलं कुठायत?” जावईबापूंनी विचारलं. आपला आवाज कुठून तरी लांबून येतोय असं त्यांना वाटलं.

“ती फाटकी, पिवळी पडलेली? त्यावर कवट्या होत्या भावोजी, कवट्या! गिऱ्हाईक काय म्हणेल? सगळी खरवडून काढली, मग दोन हात मारले. निम्मा दिवस गेला नुसता खरवडण्यात.”

“कुठलं पिंप कुठे होतं ते आठवतंय?”

“कशाला आठवायचं? उंचीप्रमाणे लावलीत की.”

“आत काय आहे ते उंचीवरून कळतं का, राजे?”

“तुम्ही म्हणजे ना... एकदा चुकून तरी चांगलं म्हणा.” राजे खरोखर हिरमुसले. “आणि ती अर्धी-अर्धी पिंपं होती ना, ती एकात एक ओतून जागासुद्धा करणार होतो. पण म्हटलं, जाऊ दे, जेवायची वेळ झाली.”

जावईबापू दारातल्या पायरीवर बसले. आतल्या हॉलमधून माणसांच्या हसण्याचा आणि तोट्या आपटण्याचा आवाज येत होता. राजेंच्या भुकेने त्या सगळ्यांचा जीव वाचवला होता, आणि याबद्दल आभार नक्की कोणाचे मानायचे ते त्यांना ठरवता येईना.

गिऱ्हाईक आलं, वातानुकूलित खोलीत बसलं, बिस्किटं खाल्ली, घड्याळ बघितलं आणि गेलं. गोदाम कुठल्या दिशेला आहे हेही त्याने विचारलं नाही.

कचरा नेणाऱ्या कंपनीतल्या बाई फोनवर शांतपणे बोलायच्या. रोज अशीच माणसं ऐकायची सवय असावी.

“लेबल नसलेलं पिंप आम्ही उचलत नाही.”

“आत काय आहे ते मला माहीत आहे,” जावईबापू म्हणाले.

“बरं. कुठल्या पिंपात काय?”

“तेवढं सोडून.”

“महिनाअखेरच्या गाडीत जागा धरून ठेवते,” बाई म्हणाल्या. “तोवर काय ते शोधा. आणि एकटं असताना झाकणं उघडू नका.”

मग सुरू झालं ते काम. एक पिंप हातगाडीवर घालून उघड्या अंगणात आणायचं, वाऱ्याकडे पाठ करायची, मास्क, गॉगल, कोपरापर्यंतचे हातमोजे, झाकण हळूच सैल करायचं, लांब काचनळीने थेंबभर काढायचं, लिटमसच्या पट्टीवर टाकायचं. पट्टी लाल झाली की पिंप उजवीकडे, निळी झाली की डावीकडे. जिथे शंका, तो नमुना बाटलीत भरून बाहेर तपासायला. मग झाकण घट्ट, हातमोजे धुवायचे, लेबल लिहायचं, आणि पुढचं पिंप. अंगणात ऊन नुसतं ओतलेलं असायचं. मास्कच्या आत घाम, आणि घामाला रबराचा वास. जावईबापूंच्या कमरेने तिसऱ्याच पिंपाला संप पुकारला होता. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

एकटं उघडू नका म्हणून बाईंनी बजावलं होतं, तेव्हा सोबतीला राजे असायचे. ते सावलीत खुर्ची टाकून बसायचे. त्यांना दुसरा मास्क दिला होता. तो ते कपाळावर चढवून ठेवत, गॉगलसारखा.

“हे ॲसिड,” ते लांबूनच सांगत. “चेहऱ्यावरूनच कळतंय.”

पट्टी निळी होई.

“बघा, लबाड निघालं!” राजे म्हणत.

“मास्क खाली घे.”

“गुदमरतं हो.”

“नाही घेतलास तर आणखी गुदमरेल.”

संध्याकाळी घरी बायको विचारायची, “किती राहिली?” आणि ते हाताने अंदाज दाखवायचे, कारण बोलायचं त्राण नसायचं. जेवताना घास तोंडाशी नेला की साबणाने चारदा धुतलेल्या हातांनाही रबराचाच वास यायचा.

“मी बोलू का अण्णांशी?” ती एकदा म्हणाली. “ज्याने रंगवलं त्यालाच करू दे म्हणावं.”

“तो करेल गं. त्याचीच तर भीती आहे.”

“लग्नात मला पाठवताना माझ्या माहेरच्यांनी एवढे आढेवेढे घेतले नव्हते,” ती ताट उचलत म्हणाली. “मला दिलं ते दिलं, आता तुम्हाला द्यायला काय होतंय त्यांना!”

महिना संपायला आला तशी शेवटची पिंपं ओळखली गेली. नमुन्यांचे निकाल आले. एका पिंपात रंगात घालायचं थिनर निघालं. ते तिथे कसं आलं हे राजेंना माहीत होतं, पण त्यांनी विषय बदलला. गाडी आली. बरोबर त्या फोनवरच्या बाई होत्या, प्रत्यक्षात ठेंगण्या आणि जाड चष्म्याच्या. त्यांनी प्रत्येक लेबल बोट ठेवून वाचलं, झाकणं हलवून बघितली, दोन ठिकाणी पुन्हा पट्टी लावली. ॲसिड एका खेपेत गेलं, सायनाइड दुसऱ्या खेपेत, कारण रस्त्यात गाडी कलंडली तर पिंपांना भिंत आठवत नाही.

“रंग छान आहे,” जाताना बाई म्हणाल्या. चेष्टा होती की काय, ते त्यांच्या तोंडावरून कळलं नाही.

दुपारी गोदाम रिकामं होतं. जावईबापू मधोमध उभे राहिले आणि नुसतेच खोकले. खोकला भिंतीवर आपटून परत आला. इतक्या वर्षांत त्यांनी ती जमीन अशी कधी पाहिली नव्हती. त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात कुठेतरी आडवं व्हावंसं वाटलं.

अण्णा स्वतः बघायला आले. चौथऱ्यांवरून हात फिरवला, बोट बघितलं.

“शाब्बास. शब्द म्हणजे शब्द. सुटलात तुम्ही.”

तेवढ्यात मागून चाकांची करकर आली. राजे हातगाडी ढकलत आले आणि त्यांनी एक पिंप डाव्या चौथऱ्यावर टेकवलं.

“हे काय?” जावईबापूंनी विचारलं.

“सकाळी एक टाकी बदलली ना, तिचं जुनं पाणी.”

“कुठली टाकी?”

“ती... दाराजवळची? का खिडकीजवळची? ढगाळ आहे बघा.”

“इकडे का ठेवलंस?”

“इकडे सावली आहे.”

“झाकण?”

“शोधतायत.”

जावईबापूंनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी खांदे उडवले. “कारखाना चालू म्हटल्यावर पिंप येणारच.”

“मग गोदाम रिकामं कधी राहणार?”

अण्णांनी मनापासून विचार केला. “कारखाना बुडाला की,” ते म्हणाले. “पण असं अभद्र बोलू नये.”

“मी निघेपर्यंत लाइन बंद ठेवा. फक्त आजची दुपार.”

“तुमच्या निरोपासाठी मी गिऱ्हाइकाच्या तोट्या अडकवू?”

“मग यावर राजेंचं नाव लिहितो.”

राजे दोन पावलं मागे सरले. “माझं? भावोजी, मला यातलं काय कळतं?”

त्या गोदामाबद्दल राजेंनी आजवर सांगितलेली ही पहिली बिनचूक गोष्ट होती.

“अहो, एक पिंप आहे,” अण्णा समजुतीच्या सुरात म्हणाले. “शिकलेला माणूस ठेवू कोणी तरी, बघू सावकाश. तुम्ही निघा. मी अडवतोय का?”

ते खरोखर अडवत नव्हते. जावईबापूंनी हातमोजे खुंटीला अडकवले, चपला घातल्या आणि फाटकापर्यंत गेले. फाटकाबाहेर रस्ता होता, त्यावर रिक्षा होती, रिक्षावाला झोपलेला होता. त्याला उठवायला त्यांनी हात पुढे केला तेव्हा अंगणातून पुन्हा चाकांची करकर ऐकू आली. त्यांनी वळून बघितलं. राजे दुसरं पिंप घेऊन त्याच दारातून, त्याच बाजूला वळत होते. पहिलं अजून उघडंच होतं.

“राजे! त्यात काय आहे?”

“दुसरं काही तरी,” राजे लांबूनच ओरडले. “पिवळं आहे! दोन्ही जवळजवळ ठेवतो, हां? एकच झाकण सापडलंय, मधे आडवं टाकतो!”

“हात लावू नकोस! तिथेच थांब!”

इतक्या वर्षांत कारखान्यात कोणी जावईबापूंना पळताना बघितलं नव्हतं. हमालांनी हातातली कामं टाकून बघितलं.

त्यांनी मास्क चढवला, हातगाडीची मूठ राजेंच्या हातातून काढून घेतली आणि पिवळं पिंप भिंतीला वळसा घालून उजवीकडे नेलं. पट्टी काढली. थेंब टाकला. भिंतीपलीकडे जाऊन दुसरी पट्टी काढली. झाकणं स्वतः शोधून आणली. मग खिशातून दोन कोरी लेबलं काढून त्यांवर आत काय आहे, कधीपासून आहे आणि कशापासून लांब ठेवायचं आहे ते लिहिलं. सगळ्यात खाली जबाबदार व्यक्तीची रेघ होती. पेन थोडा वेळ तिच्यावर थांबलं.

“जावईबापू,” अण्णा दारातून म्हणाले, “तुमची संध्याकाळची गाडी चुकेल.”

जावईबापूंनी रेघेवर नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि लेबलं अंगठ्याने दाबून चिकटवली.

डावीकडच्या पिंपात सायनाइड होतं, उजवीकडच्यात ॲसिड. प्रयोगशाळेने ती जागा पुढच्या महिन्यात यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला दिली.