फुलाच्या जागेवरचे यंत्र

"ऊठ तिथून. आजपासून इथे यंत्र बसणार आहे," गोपाळराव म्हणाले.

फुला उठली नाही. लाकूड कापायच्या गिरणीच्या फाटकाबाहेर, जांभळाच्या झाडाखाली, ती बारा वर्षे बसत होती. पुढ्यात टोपली, टोपलीत घरच्या परसातले उकडलेले कंद. इकडे त्यांना कणग्या म्हणतात. दुपारची शिट्टी झाली की मजूर तिच्याकडून चार-चार कणग्या आणि मिरचीची चटणी घेत.

"यंत्र बसनार, तर मी कशाला उठू?" ती म्हणाली. "त्येला पाय न्हाईत का उभं ऱ्हायला?"

फाटकाशी उभे असलेले दोन मजूर हसले. गोपाळरावांनी त्यांच्याकडे पाहिले, तसे ते आत गेले. मग गिरणीच्या या व्यवस्थापकाने स्वतः वाकून टोपली उचलली आणि दहा पावलांवर उन्हात नेऊन ठेवली. फुला टोपलीच्या मागे गेली. जाताना ती यंत्र घेऊन आलेल्या बैलगाडीतून उतरणाऱ्या यमुनेच्या इतक्या जवळून गेली की दोघींचे पदर घासले.

"बस गं अक्का," ती म्हणाली. "जागा ऊन ऊन हाय अजून."

गाडीवान परशू आणि चार मजुरांनी यंत्र उतरवले. छातीएवढ्या उंचीचे, तांबड्या रंगाचे, बिडाचे यंत्र. पुढे काच, काचेमागे चण्याच्या पुड्यांची उभी चळत. वरच्या फटीतून एक पैसा टाकायचा, मूठ ओढायची, की एक पुडी खाली पडते. यमुनेच्या नवऱ्याने ते मुंबईहून आणून लोंढा स्टेशनच्या फलाटावर लावले होते. तो गेला त्याला दोन वर्षे झाली. फलाटावरची मुदत दसऱ्याला संपली, आणि तेव्हापासून यंत्र खानापुरात दिराच्या ओसरीवर गोणपाटाखाली पडून होते. "भंगारात घाला," असे दीर रोज जेवताना म्हणत. ओसरी त्यांची होती आणि जेवणही त्यांचेच.

गोपाळरावांचे पत्र आले तेव्हा तिने पाटल्या मोडल्या. कॅसलरॉक स्टेशनापासून दोन मैलांवर गिरणी, ऐंशी मजूर, जवळ एकही दुकान नाही. जागेचे सहा महिन्यांचे भाडे आगाऊ, साठ रुपये. ते साठ रुपये आता तिच्या कनवटीला होते. त्यांच्याखेरीज तिच्याजवळ काही नव्हते.

"पैसे आणले ना?" गोपाळरावांनी विचारले.

"आणलेत. पण आज दिवसभर यंत्र चालवून बघीन. संध्याकाळी देईन."

"म्हणजे विश्वास नाही."

"नव्या जागी यंत्र जमिनीवर समतल बसले नाही तर आतली तराजू अडकते. ते बघावे लागते."

हे खरे होते, पण अर्धेच. लढाई संपल्यापासून रेल्वेच्या रुळांखालच्या लाकडांना मागणी राहिली नाही, असे तिने स्टेशनावर ऐकले होते. फाटकातून आत तिला भुशाची रास दिसत होती. ताजा भुसा पिवळसर असतो. ही रास वरून राखाडी झाली होती आणि तिच्यावर गवताची पाती उगवली होती. यमुनेने ते पाहिले, आणि आत कुठेतरी दुसरी, ताजी रास असेल, असे स्वतःला सांगितले.

"मजुरांना पगार कधी मिळतो?" तिने विचारले.

"दर शनिवारी."

"गेल्या शनिवारी मिळाला?"

"बाई, तुम्ही चणे विकायला आलात की गिरणी विकत घ्यायला?"

ती वाकून यंत्राच्या पायांखाली चिपा घालू लागली. पाण्याची वाटी यंत्रावर ठेवून तिने चारही बाजूंनी पाहिले. मग मागचे दार उघडून आतली तराजू तपासली. फटीतून पडलेला पैसा एका पारड्यात जातो, दुसऱ्या पारड्यात पितळी वजन असते. पैशाने पारडे झुकले तरच मूठ सुटते. लोंढ्याला झिजलेल्या पैशांनी पारडे झुकत नसे आणि प्रवासी यंत्राला लाथा मारत. मजुरांकडचे पैसे तर हातोहात फिरून आणखी झिजलेले असणार. म्हणून आदल्या दिवशी तिने ते पितळी वजन कानशीने घासून गुंजभर कमी केले होते, आणि पदराच्या गाठीतला एक काळा, गुळगुळीत पैसा टाकून तीनदा पाहिले होते. तीनही वेळा मूठ सुटली होती.

"अक्का," फुलाने उन्हातून हाक मारली. "तुजं यंत्र उधार देतंय काय?"

"नाही."

"मग उपाशी मरंल त्ये हितं."

हिची विक्री बुडणार, तर ही दुसरे काय बोलणार, असे यमुनेला वाटले. पण गोपाळरावांना साठ रुपये हवे होते. मग त्यांनीही दुसरे काय बोलावे? दोघांच्याही बोलण्याला किंमत नव्हती. उरले यंत्र. त्याला काही नको होते.

शिट्टी झाली.

मजूर बाहेर आले ते रांगेत. लोंढ्याला लोक यंत्राभोवती कोंडाळे करत, काचेवर बोटे आपटत, पैशाऐवजी बटण टाकून बघत. इथे प्रत्येकाने पुढे येऊन पैसा टाकला, मूठ ओढली, पुडी घेतली आणि तो बाजूला झाला. कुणी हसले नाही, कुणी पुन्हा आले नाही. गोपाळराव फाटकाला टेकून बघत होते. त्यांच्या नजरेसमोर फुलाकडे एकही माणूस गेला नाही.

"खावा, खावा!" ती ओरडली. "लोखंडाच्या म्हशीचं दूध काढा आता. माजी कणगी कडू लागाया लागली न्हवं?"

"गप गं फुला," रांगेतला झिलू कुणबी मान न वळवता म्हणाला.

रांग संपली. बाकीचे मजूर कुंपणाशी उकिडवे बसून होते. यंत्राकडे त्यांनी पाठच केली होती.

"बघितलंत?" गोपाळराव म्हणाले. "पहिल्याच दिवशी. आणा साठ रुपये."

"आधी पेटी उघडते."

तिने मागचे दार उघडले, खालची पेटी काढली आणि पैसे पदरावर ओतले. बावीस. ते तिने ओळीने मांडले. मग एकेक उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला. सगळे एकाच सालचे, गेल्या वर्षीचे. सगळ्यांची कड धारदार, सगळे नव्या भांड्यासारखे चकचकीत. तिने एक नाकाशी नेला. ना तंबाखूचा वास, ना घामाचा. जिथे पैसा कमरेच्या चंचीत चुन्याशेजारी राहतो, तिथल्या बावीस माणसांकडचे बावीसही पैसे टांकसाळीतून आज निघाल्यासारखे होते. पितळी वजन घासले नसते तरी चालले असते.

तिला वाटले, पेटी बंद करावी. पैसे द्यावेत, यंत्र इथे ठेवावे आणि दिराच्या ओसरीकडे परत जाऊ नये.

मग तिने झिलूला हाक मारली. "दादा, हा पैसा कुठून आला?"

"खिशातनं."

"कुणाच्या?"

कुंपणाशी कुणीतरी फसकन हसले. झिलूने गोपाळरावांकडे पाहिले, मग हातातल्या पुडीकडे. ती त्याने अजून उघडली नव्हती.

"सात आठवडं झालं पगार न्हाई," तो म्हणाला. "सकाळी सायबानं बावीस जणांस्नी एकेक पैसा दिला. सात आठवड्यांत पयला पैसा दिसला, त्यो बी तुज्या पेटीत घालायचा हुकूम. भारी हाय तुजं यंत्र, अक्का. आमी राबायचं, त्येनं खायचं."

"झिलू, उद्यापासून येऊ नकोस!" गोपाळराव ओरडले.

"काल तरी कशाला आलतो, कुनास ठावं."

यमुनेने पैसे गोळा केले, उठली आणि ते गोपाळरावांपुढे धरले. "हे तुमचे. बावीस आहेत. मी यंत्र परत नेते."

त्यांनी हात पुढे केला नाही. त्यांचा आवाज मात्र उतरला. "ठरल्याप्रमाणे मी जागा दिली. आता भाडे मिळेपर्यंत यंत्र गिरणीच्या जागेत राहील. उद्या आत नेऊन कुलूप लावतो. तुम्ही खुशाल कोर्टात जा. गाडीभाडे आहे ना तेवढे?"

यमुनेने परशूकडे पाहिले. तो बैलांच्या शिंगांकडे बघू लागला. गिरणी बुडून तिलाच कुलूप लागले की आतले सगळे सावकारांचे होते. त्यात एका विधवेच्या चण्यांच्या यंत्राची चौकशी कोण करणार?

"कुनाची जागा?"

फुला उठून आली होती. ती यमुनेकडे न बघता सरळ जांभळापलीकडे गेली आणि टाकळ्याच्या झुडपात तिने पाय मारला. आत चुन्याने रंगवलेला दगड होता.

"ह्यो हद्दीचा दगड. गिरनी ह्येच्या आत. जांभूळ भायेर. ही जिमीन जंगलखात्याची हाय. दगड पुरताना मी हितं बसल्याली, सायबा, तू हितं न्हवतास. दरसाल गार्डाला टोपलीभर कणग्या देती मी ह्या जागंच्या. तू काय देतोस?"

"तू मधे बोलू नकोस."

"मी मदी न्हाई, माज्या जागंवर बोलती. बोलवू गार्डाला? जंगलातनं आनलेल्या फुकटच्या लाकडाबद्दल बी त्येला इचारायचंच हाय कायतरी."

गोपाळराव एक पाऊल मागे सरले. दगड दगडाच्या जागी होता आणि ऐंशी माणसे तो बघत होती.

"उचला रं ह्ये धूड!" फुला मजुरांवर खेकसली. "माजी जागा मोकळी करा."

झिलू उठला, त्याच्यामागे तिघे उठले. यंत्र गाडीत चढले. यमुनेने बावीस पैसे हद्दीच्या दगडावर ठेवले.

"तुमचे उपकार झाले," ती फुलाला म्हणाली.

"तुज्यासाठी न्हवं केलं." फुला पायाने यंत्राखालच्या चिपा उडवत होती. "माजी आख्खी टोपली आज तशीच ऱ्हायली. बावीस जनांची पोटं तुज्या फुटान्यांनी भरलीस."

"एक पैशाच्या कणग्या द्या."

"तुला द्यायच्या न्हाईत. जा. पुन्यांदा हितं दिसलीस तर काच फोडीन."

यमुना गाडीत यंत्राशेजारी बसली. कनवटीला हात लावून पाहिले. रुपये जागेवर होते.

"कुटं न्हेऊ, अक्का?" परशूने विचारले. "खानापूर?"

"स्टेशन."

"फलाटावर न्हाई घेनार आता."

"फलाटाबाहेर. गाडी थांबल्यावर लोक चहाला उतरतात, त्या बाजूला. आधी विचारते, जागा कुणाची आहे."

"आनि कुनी बसत असंल तिथं?"

यमुनेने मागे पाहिले. फुला जांभळाखाली टोपली ठेवून बसली होती. झिलू तिच्यापुढे उकिडवा बसून हात पसरत होता आणि ती त्याला शिव्या देत कणग्या मोजत होती.

"तर पुढच्या जागी," ती म्हणाली. "हाक."